वहीतलं गणित वाचता आलं पाहिजे: बेरजेपासून इंटिग्रेशनपर्यंत चिन्हं कशी लिहायची

माझ्याकडे अकरावीच्या शिकवणीला येणारी बरीच मुलं मराठी माध्यमातून दहावी झालेली असतात. पहिल्या आठवड्यात मी नवीन काही शिकवत नाही. त्यांनीच सोडवलेलं एखादं उदाहरण त्यांना मोठ्यानं वाचायला लावतो. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला अडखळायला होतं, कारण तिथे जे लिहिलंय ते वाचताच येत नाही. मनात बरोबर असतं, कागदावर भलतंच असतं.

गणिताची प्रत्येक ओळ हे पूर्ण वाक्य असतं. त्याला कर्ता असतो, क्रियापद असतं (बहुतेक वेळा ते बरोबरचं चिन्ह), आणि ते खरं तरी असतं नाहीतर खोटं. म्हणून या लेखात जिथे जिथे मी 'वाचून बघा' म्हणेन, तिथे खरोखरच तोंडानं वाचा. ओळ नीट वाचता आली तर ती बहुधा नीट लिहिलेली असते.

एक खुलासा आधीच करतो. अज्ञात संख्येसाठी मी इथे जुन्या मराठी पुस्तकांसारखा 'क्ष' वापरतो आहे. आजच्या पाठ्यपुस्तकांत रोमन एक्स-वाय असतात, तेव्हा वहीत तुमच्या पुस्तकाप्रमाणे लिहा. तसंच छापील ओळीत अपूर्णांकासाठी मला तिरकी रेघ आणि कंस वापरावे लागत आहेत. वहीत मात्र आडवी रेघच काढा. का ते पुढे येईलच.

कागद आणि अंक

सुरुवातीला चौकटीची वही घ्या. लहान मुलांसाठीच नाही, अकरावी-बारावीच्या मुलांनाही मी महिनाभर तीच वापरायला सांगतो. एका चौकटीत एक अंक, एका ओळीत एकच विधान. ज्या ओळीत अपूर्णांक आहे तिला दोन ओळींची जागा द्या. अपूर्णांकाची आडवी रेघ, अधिकची आडवी रेघ, वजाची रेघ आणि बरोबरच्या दोन रेघांची मधली पोकळी, या सगळ्या एकाच उंचीवर आल्या पाहिजेत. याला मी ओळीचा कणा म्हणतो. कणा सरळ असेल तर गिचमिड अक्षरातलं गणितही वाचता येतं. तो वाकडा असेल तर अंश कुठला आणि पुढचं पद कुठलं हेच कळत नाही.

अंकांच्या बाबतीत मराठी मुलांची एक खास अडचण आहे. आपला एक घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि आपला चार इंग्रजी आठसारखा. एका उदाहरणात दोन्ही लिपींचे अंक कधीही मिसळू नका. सातवीपर्यंत देवनागरीत लिहून आठवीत बदल केला असेल, तर त्या वर्षी रोज पाच मिनिटं नुसते अंक गिरवा. दुसरी अडचण बोलण्याची. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना सहा आधी. श्रुतलेखनात ३६ आणि ६३ची अदलाबदल होते ती यामुळेच. ज्या मुलाची होते त्याला ऐकल्यावर क्षणभर थांबून दशक आधी मनात आणायची सवय लावा. रागावून काही होत नाही.

हातचा घ्यायचा तो पुढच्या स्तंभाच्या डोक्यावर, बारीक अंकात. गणित संपलं तरी तो खोडू नका, कारण चूक शोधताना तोच कामी येतो.

वजा आणि उणे

मराठीकडे एक देणगी आहे आणि आपण ती वापरत नाही. वजाबाकीची क्रिया दाखवायला आपल्याकडे 'वजा' हा शब्द आहे आणि ऋण संख्या वाचायला 'उणे'. हवामानाच्या बातमीत 'उणे दहा अंश' असतं, तिथे कुणी 'वजा दहा' म्हणत नाही. एकोणतीस, एकोणचाळीस या शब्दांमध्येही हाच उणेपणा दडलेला आहे: तीसला एक उणा, चाळीसला एक उणा. चिन्ह दोन्हीकडे तेच, आडवी रेघ. पण वाचताना दोन वेगळे शब्द वापरले की लिहिण्यातला निम्मा घोळ मिटतो.

५ − (−३) = ८

पाच वजा, कंसात उणे तीन, कंस पूर्ण, बरोबर आठ. दोन चिन्हं शेजारी आली की मध्ये कंस हवाच. ५ × −३ असं लिहू नका, ५ × (−३) लिहा. आणि ही जोडी पाठ करून टाका:

(−३)² = ९
−३² = −९

पहिल्या ओळीत उणे तीनचा वर्ग आहे, दुसऱ्या ओळीत तीनच्या वर्गाला उणे केलंय. घातांक त्याला चिकटलेल्या गोष्टीलाच लागतो, आणि कंस नसेल तर चिकटलेला फक्त ३ असतो. क्षच्या जागी ऋण किंमत ठेवताना कंस घालायची सवय नसलेली मुलं इथे बारावीपर्यंत मार्क घालवत राहतात.

कंसाच्या आधी वजा असेल तर आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही ७ − (क्ष − ४) सोडवताना घाईत ७ − क्ष − ४ लिहिलं जातं. उपाय एकच: कंस सोडण्यासाठी स्वतंत्र ओळ द्या. त्याच ओळीत बेरीजही उरकायचा मोह टाळा.

पदावलीसाठी आपण सगळे 'कंचेभागुबेव' शिकलो: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. सूत्र कामाचं आहे, पण शेवटच्या दोन अक्षरांना चढती-उतरती पायरी समजू नका. १० − ३ + २ मध्ये आधी ३ + २ केलं तर उत्तर ५ येतं, आणि ते चूक आहे. बेरीज-वजाबाकी एकाच दर्जाच्या आहेत, डावीकडून उजवीकडे जायचं. उत्तर ९.

बरोबरचं चिन्ह

या विषयावर मी सगळ्यात जास्त वेळ घेतो, आणि इथेही घेणार आहे.

बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञानं १५५७ साली पहिल्यांदा छापलं. 'च्या बरोबर आहे' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला होता. म्हणून त्यानं दोन समांतर रेघा घेतल्या, कारण त्यांच्याइतक्या एकसारख्या दुसऱ्या दोन गोष्टी नाहीत असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे जन्मापासून या चिन्हाचा अर्थ एकच आहे: डावीकडचं आणि उजवीकडचं तेच आहे. 'उत्तर आलं' किंवा 'आता पुढे' हा अर्थ त्यात कधीच नव्हता. तो आपल्या मनात कॅल्क्युलेटरच्या बटणानं घातला. बटण दाबलं की उत्तर दिसतं, म्हणून मुलं वहीतही तसंच लिहितात:

५ + ३ = ८ × २ = १६ − ४ = १२

वाचून बघा. पाच अधिक तीन बरोबर आठ गुणिले दोन. म्हणजे आठ बरोबर सोळा. शेवटचा १२ बरोबर आहे, पण मधलं वाक्य खोटं आहे. असंच लिहायचं तर तीन ओळी करा:

५ + ३ = ८
८ × २ = १६
१६ − ४ = १२

समीकरण सोडवताना बरोबरची चिन्हं एकाखाली एक, उभ्या रेषेत आणा. डावीकडे, समासाला लागून, 'म्हणून'चे तीन ठिपके:

३(क्ष − ४) = २क्ष + ५
∴ ३क्ष − १२ = २क्ष + ५
∴ ३क्ष − २क्ष = ५ + १२
∴ क्ष = १७

दोन ठिपके खाली, एक वर, तर 'म्हणून' (∴). उलटे केले तर 'कारण' (∵). इथे एक फरक लक्षात ठेवा. बरोबरचं चिन्ह दोन संख्या किंवा दोन राशी जोडतं, ∴ दोन वाक्यं जोडतं. ३(क्ष − ४) = २क्ष + ५ = ३क्ष − १२ असं आडवं लिहीत गेलात की दोन वाक्यांचं एकच कडबोळं होतं. ओळीच्या उजवीकडे कारण लिहा: 'कंस सोडवून', 'दोन्ही बाजूंत १२ मिळवून'. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' ही घोषणा मला आवडत नाही. त्यात काय केलं ते कळत नाही, फक्त काय दिसलं ते कळतं. असमानतेत ही घोषणा थेट दगा देते. −२क्ष < ६ ला दोन्ही बाजूंना −२ नं भागलं की चिन्ह फिरतं आणि क्ष > −३ मिळतं. 'दोन्ही बाजूंना −२ नं भागून' असं लिहायची सवय असेल तर हात आपोआप थबकतो.

पडताळा वेगळा लिहा. डावी बाजू: ३ × (१७ − ४) = ३९. उजवी बाजू: २ × १७ + ५ = ३९. दोन्ही बाजू स्वतंत्र काढायच्या आणि शेवटी जुळतात असं म्हणायचं. सुरुवातीलाच बरोबर लिहून टाकलं तर जे तपासायचं तेच गृहीत धरल्यासारखं होतं.

गुणाकाराच्या फुलीविषयी थोडं. १६३१ मध्ये विल्यम ऑट्रेडनं ती वापरली आणि पुढे जर्मन गणितज्ञ लाइबनिट्झला ती अजिबात आवडली नाही, कारण ती रोमन एक्ससारखी दिसते. तो ठिपका वापरायचा. तुम्हीही बीजगणित सुरू झालं की फुली सोडा. ५ × क्ष ऐवजी ५क्ष लिहा, संख्या आधी, अक्षर मागून. रोमन एक्स काढताना दोन वक्र रेघा पाठीला पाठ लावून काढा, म्हणजे तो फुलीपेक्षा वेगळा दिसतो. क्ष लिहिणाऱ्या आपल्या आजोबांना ही अडचण कधी आलीच नसेल.

अपूर्णांक, वर्गमूळ आणि रेघेची लांबी

आपल्याकडचे जुने गणिती अंश वर आणि छेद खाली लिहायचे, पण मध्ये रेघ नसायची. रेघ अरबी गणितज्ञांनी घातली. आजी-आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्यांत तर पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या दांड्यांनी दाखवलेले असतात: १। म्हणजे सव्वा, २॥ म्हणजे अडीच. बाजारासाठी ती सोय उत्तम होती. बीजगणिताला मात्र आडवी रेघच हवी, कारण ती कंसाचंही काम करते. रेघेच्या वरचं सगळं एका अदृश्य कंसात, खालचं सगळं दुसऱ्या.

म्हणून रेघ किती लांब हा सौंदर्याचा प्रश्न नाही. वर्गसमीकरणाचं सूत्र घ्या. क्ष² − ५क्ष + ६ = ० साठी:

क्ष = (५ ± √(२५ − २४)) / २ = (५ ± १) / २

∴ क्ष = ३ किंवा क्ष = २. आता रेघ ५ च्या खालून न नेता फक्त वर्गमुळाखाली काढली, तर ५ ± १/२ होतं आणि साडेपाच व साडेचार ही उत्तरं येतात. रेघ अर्धा इंच आखूड, आणि दोन्ही उत्तरं चूक. तसंच तिथे 'किंवा' हा शब्द लिहा, स्वल्पविरामावर भागवू नका.

वर्गमुळाच्या छपराचंही तेच. चिन्हाची मूळ खूण ख्रिस्टॉफ रुडॉल्फनं १५२५ मध्ये छापली, तेव्हा तिला छप्पर नव्हतं. ते देकार्तनं १६३७ मध्ये जोडलं, आणि त्यामुळेच कुठवर मूळ घ्यायचं ते दिसू लागलं.

√(९ + १६) = ५
√९ + १६ = १९

छप्पर शेवटच्या अंकापर्यंत न्या आणि टोकाला किंचित खाली वळवा, म्हणजे ते कुठे संपलं ते नक्की होतं. आणि √२५ म्हणजे ५, अधिक-उणे ५ नाही. अधिक-उणे येतं ते क्ष² = २५ हे समीकरण सोडवताना, आणि ते आपण लिहायचं असतं.

काटाकाटी करताना आधी वाचा. (क्ष + ३)/३ मधले तीन कापता येत नाहीत, कारण वर तीन हा मिळवलेला आहे, गुणलेला नाही. 'कंसात क्ष अधिक तीन, कंस पूर्ण, छेद तीन' असं म्हटलं की 'अधिक' ऐकू येतो आणि हात थांबतो. जे कापायचं ते एका बारीक तिरक्या रेघेनं कापा, उरलेला अंक शेजारी लिहा. गिरगटवू नका, तपासणाऱ्याला काय कापलं ते दिसलं पाहिजे.

दहावीनंतर अडीच हे २ १/२ असं पूर्णांकयुक्त लिहू नका. बीजगणितात शेजारी लिहिणं म्हणजे गुणणं, त्यामुळे त्याचा अर्थ दोन गुणिले अर्धा असा होऊ शकतो. ५/२ लिहा.

घातांक आणि त्रिकोणमितीतला एक सापळा

घातांक अक्षराच्या उजव्या खांद्यावर, निम्म्या आकारात. पायांक (अक्षराच्या खाली लिहायचा बारीक अंक) पायाशी. २क्ष² आणि (२क्ष)² यांत दुपटीचा फरक आहे: क्ष = ३ ठेवा, पहिलं १८, दुसरं ३६.

त्रिकोणमितीत साइन हा शब्द फिरून आपल्याकडेच आलेला आहे. आपल्या 'ज्या' किंवा 'जीवा'वरून अरबीत एक निरर्थक उच्चार तयार झाला, तो तिथल्या 'खाच, पोकळी' अशा अर्थाच्या शब्दासारखा वाचला गेला आणि लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर झालं सायनस. लिहिताना तो शब्द एकटा कधीच सोडू नका, त्याच्यापुढे कोन हवाच. नुसतं 'साइन' म्हणजे अर्धवट वाक्य. साइनच्या डोक्यावर २ लिहिला तर संपूर्ण साइन थीटाचा वर्ग. पण तिथेच उणे एक लिहिला तर त्याचा अर्थ व्यस्त संख्या नसून उलट फलन, म्हणजे ज्याचा साइन इतका आहे तो कोन. एकाच जागी दोन वेगळे अर्थ, ही या लेखनपद्धतीतली खरी गैरसोय आहे आणि ती पाठच करावी लागते. एक छेद साइन लिहायचं असेल तर सरळ अपूर्णांक लिहा.

लिमिट, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन

लिमिट म्हणजे सीमा. तिच्याखाली बारीक अक्षरात क्ष → २ लिहायचं आणि वाचायचं 'क्ष दोनकडे जाताना'. समजा (क्ष² − ४)/(क्ष − २) ची सीमा काढायची आहे:

सीमा (क्ष² − ४)/(क्ष − २)
= सीमा (क्ष − २)(क्ष + २)/(क्ष − २)
= सीमा (क्ष + २)
= ४

जोवर क्ष ओळीत आहे तोवर 'सीमा' हा शब्द प्रत्येक ओळीत लिहायचा. ज्या ओळीत २ ठेवला तिथून तो काढायचा. मधेच गाळला तर तुम्ही 'क्ष + २ = ४' असं म्हणालात, आणि ते सगळ्या क्षसाठी खरं नाही. शेवटी ठेवला तर 'चारची सीमा चार' एवढंच उरतं. तपासनीस इथे मार्क कापतात ते उगाच नाही.

डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा दर. तो लिहायच्या तीन लिपी आहेत. डीवाय बाय डीएक्स ही लाइबनिट्झची, फ′(क्ष) ही लाग्रांजची, डोक्यावर ठिपका ही न्यूटनची. ठिपका भौतिकशास्त्रात, काळाच्या संदर्भात भेटतो. एका उदाहरणात एकच निवडा. मी सुरुवातीला लाइबनिट्झची सुचवतो, कारण कशाच्या संदर्भात बदल मोजतोय हे छेदात दिसतं. ती अपूर्णांकासारखी दिसली तरी वरचा-खालचा डी कापायचा नाही. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हमध्ये वरचा २ हा डीवर बसतो आणि खालचा एक्सवर. अनेकांना हे विचित्र वाटतं. 'डी बाय डीएक्स' ही एक क्रिया आहे आणि ती आपण दोनदा केली, असं बघा. वर डी दोनदा आला, वाय एकदाच. खाली अख्खा डीएक्स दोनदा आला.

इंटिग्रेशनचं चिन्ह लाइबनिट्झनं २९ ऑक्टोबर १६७५ च्या टिपणात लिहिलं. लॅटिनमध्ये बेरजेसाठी जो 'सुम्मा' शब्द आहे त्याचा लांबवलेला पहिला एस. हाताला तो तसाच वळवा: वरून उजवीकडच्या वळणानं सुरुवात, सरळ खाली, मग डावीकडे वळण. उंची अपूर्णांकाएवढी, म्हणजे दोन ओळी. चिन्ह आणि शेवटचा डीक्ष (पुस्तकातला डीएक्स) हे जणू दोन कंस आहेत, मधलं सगळं त्यांच्या पोटात. डीक्ष नसेल तर वाक्य संपलंच नाही.

∫ (२क्ष + ३) डीक्ष = क्ष² + ३क्ष + स

मध्ये दोन पदं असतील तर कंस घाला. शेवटचा स्थिरांक 'स' हा इंटिग्रेशनचं चिन्ह ज्या ओळीत नाहीसं होतं त्याच ओळीत यायला हवा. उत्तराच्या ओळीत आठवण आल्यावर चिकटवलेला स्थिरांक म्हणजे मधल्या सगळ्या ओळी चूक.

इंटिग्रेशन कुठून कुठवर हे सांगणाऱ्या सीमा असतील तर खालची पायाशी, वरची डोक्याशी, आणि पुढच्या ओळीत चौकटी कंसाच्या उजवीकडे त्याच क्रमानं. २क्ष चं १ ते ३ इंटिग्रेशन: [क्ष²], वर ३, खाली १, म्हणजे ९ − १ = ८. आधी वरची किंमत, मग वजा, मग खालची किंमत कंसात.

आदेशाच्या, म्हणजे एका राशीच्या जागी नवं अक्षर घ्यायच्या उदाहरणात सगळ्यात जास्त पडझड होते, तेव्हा एक पूर्ण करून दाखवतो. ० ते १ या सीमांत २क्ष(क्ष² + १)³ चं इंटिग्रेशन हवं आहे. त = क्ष² + १ घेतलं, म्हणून डीत = २क्ष डीक्ष. आता थांबा, आणि सीमा बदलल्याचं वेगळ्या ओळीत लिहा: क्ष = ० तेव्हा त = १, क्ष = १ तेव्हा त = २. मग १ ते २ या सीमांत त³ डीत, म्हणजे [त⁴/४] = ४ − १/४ = १५/४. जुन्याच ०-१ सीमा ठेवल्या तर उत्तर १/४ येतं. नियम असा ठेवा: एका ओळीत एक तर सगळं क्षमध्ये, नाहीतर सगळं तमध्ये. दोन्ही अक्षरं एका चिन्हाखाली दिसली तर ती ओळ खोडून पुन्हा लिहा.

फोनवर आणि संगणकावर

मुलं शंका व्हॉट्सॲपवर पाठवतात: क्ष+१/क्ष-१. त्यांच्या मनात (क्ष + १)/(क्ष − १) असतं. क्ष = २ ठेवलं तर त्यांच्या मनातल्याचं उत्तर ३, लिहिलेल्याचं दीड. आडवी रेघ टाइप करता येत नाही, तेव्हा तिनं जे कंस लपवले होते ते स्वतः टाका. अंशाला कंस, छेदाला कंस, वर्गमुळाच्या पोटाला कंस. घातांकासाठी टोपीचं चिन्ह (^), आणि घातांकात एकापेक्षा जास्त पदं असतील तर त्यालाही कंस. नाहीतर वहीतल्या पानाचा स्वच्छ फोटो पाठवा, तो जास्त बरा.

वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं बटण एकत्र दाबलं की समीकरणाची चौकट उघडते. प्रश्नपत्रिका किंवा टिपणं नियमित बनवायची असतील तर मात्र लाटेक ही गणित छापायची संगणक प्रणाली शिकाच. तिचं मूळ असलेलं टेक हे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी १९७८ मध्ये तयार केलं, कारण स्वतःच्या पुस्तकाची छपाईची प्रुफं त्यांना कुरूप वाटली. लाटेकमध्ये अपूर्णांकासाठी बॅकस्लॅश आणि 'फ्रॅक' लिहून पुढे महिरपी कंसाच्या दोन जोड्या द्यायच्या, पहिलीत अंश, दुसरीत छेद. रेघेची लांबी, छपराची लांबी, ओळीचा कणा हे सगळं ते स्वतः सांभाळतं. मराठी मजकूर सोबत हवा असेल तर झीलाटेक ही लाटेकची आवृत्ती घ्या आणि देवनागरी फॉन्ट निवडा. घातांक मराठी अंकांत हवे असतील तर तेही तिथेच जमतं. साध्या युनिकोड मजकुरात घातांकासाठी वापरायचे वेगळे देवनागरी अंक नाहीत, म्हणून या लेखातले वर्ग आणि घन आंतरराष्ट्रीय अंकांत आहेत.